चौकशीचे अण्णा

अण्णा शेळक्यांबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या अपार्टमेंटमध्ये अजून आहेत. बारा फ्लॅटांपैकी निदान सात घरांत तरी आहेत. मी त्या सातांत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. नावं मी बदलली आहेत. बाकी जे लिहितोय ते जसं घडलं तसं आहे. त्यात माझ्या मुलीचा, रेणुकाचा, भाग आहे. तो छापायला देण्याआधी तिला पाठवला होता. तिचं उत्तर एका ओळीत आलं. ‘लिहा, आता कोणापासून लपवायचंय?’

गारखेड्यात आम्ही राहायला आलो त्याला सतरा वर्षं झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, अण्णा पहिल्यावर, आमच्या बरोबर खाली. मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसला तर बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची उमेदीची वर्षं पैठणला धरणावर गेली. तिथं रोज पाण्याची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. दोघंही मापाची माणसं, त्यामुळे आमचं पहिल्या भेटीतच जमलं. अण्णांसमोर कोणी ‘लग्नाला बरेच लोक होते’ असं म्हटलेलं चालायचं नाही. ‘बरेच म्हंजी किती?’ असं लगेच विचारायचे. असा माणूस मला आवडणारच.

उंची बेताची, अंग भरलेलं, पांढरा हाफ शर्ट आणि खिशाला दोन पेनं. डावा कान अधू होता आणि उजव्यावरही त्यांचा फार भरवसा नव्हता. म्हणून फोन ते कानाला लावायचे नाहीत, आरशासारखा तोंडासमोर धरायचे आणि स्पीकर चालू करायचे. पलीकडचा माणूस काय बोलतो ते त्यांच्या गॅलरीपासून पार्किंगपर्यंत सगळ्यांना ऐकू यायचं. तळमजल्यावरचे रफिकभाई, ज्यांचं औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान आहे, एकदा गाडी पुसता पुसता वर बघून म्हणाले होते, “अण्णा, आपके पेट में बात कित्ते मिनट ठैरती?” अण्णा मनापासून हसले. म्हणाले, “पोट हाय रफिकभाई, धरण न्हाई. दरवाजे उघडावंच लागतात.”

कोणाच्या घरातली गोष्ट सांगून झाली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, ‘आपल्यातच ठेवा.’ एका रविवारी मी नुसतं कुतूहल म्हणून मोजलं होतं. चौथ्या फ्लॅटमधल्या सुनेची एक बातमी त्यांनी दूधवाला येण्यापासून पेपर वाचून होईपर्यंत पाच जणांना ‘आपल्यातच’ सांगितली. मी घरात येऊन मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, ही मोजणी सांगितली आणि आम्ही दोघं हसलो. हसलो, हेही इथं लिहायलाच हवं.

माणूस मदतीला मात्र पक्का. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या अण्णांनी कुठून कुठून आणल्या. कोणाचं गॅसचं पुस्तक, कोणाच्या पोराचा प्रवेश, कोणाची पेन्शन अडकलेली, सगळीकडे ते जायचे. त्यामुळे प्रत्येक घरात त्यांना आतल्या खोलीपर्यंत वाट होती आणि प्रत्येक घरातलं त्यांना माहीत होतं.

पण त्यांची खरी ख्याती चौकशीची. लग्न जमवताना पाहणं, पोहे, पत्रिका हे सगळं वरचं. स्थळ ठरतं किंवा मोडतं ते चौकशीवर. मुलीकडचे मुलाच्या शेजाऱ्याला फोन करतात, मुलाकडचे मुलीच्या. जालना, बीड, पैठण, गेवराई, कुठूनही आमच्या भागातल्या घराची चौकशी करायची असली की अण्णांचा नंबर दिला जायचा. त्यांचं उत्तर खरं असतं, हे लोकांना ठाऊक होतं. चौकशीचा फोन आला की अण्णा आधी उभे राहायचे. ‘बसून सांगणारा माणूस रंगवून सांगतो,’ असं त्यांचं म्हणणं. मग समोरच्याचं गाव, आडनाव, नंबर कोणी दिला, हे विचारून घ्यायचे. जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. फोन ठेवला की एक लांबट वही काढायची आणि त्यात लिहायचं: कोणाचा फोन, काय विचारलं, काय सांगितलं. धरणावर पातळी लिहायचे तसंच. वहीला तारखेचा रकाना होता, वेळेचा होता. मला त्यांनी ती वही कौतुकानं दाखवली होती आणि मीही कौतुकानं पाहिली होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाचं स्थळ जालन्याला जवळजवळ ठरलं होतं. अण्णांनी चौकशीत सांगितलं की मुलगा पितो, बुधवारी आणि शनिवारी. स्थळ मोडलं. मुलाचे वडील खाली आले ते हातवारे करतच. अण्णा दारात उभे राहिले. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही.

“पितो का न्हाई, एवढंच सांगा.”

वडिलांचे हातवारे थांबले.

“मग मी खोटं काय बोललो?”

वडील जिना चढून निघून गेले. मी तेव्हा जिन्यातच होतो. मी अण्णांना टाळी दिली. त्या घरानं पुढं वर्षभरात फ्लॅट विकला. त्या वडिलांचा जिना चढतानाचा चेहरा मी पाहिला होता आणि तरी टाळी दिली होती. आमच्यावर वेळ आल्यावर मला ती आठवली, आधी नाही.

सात वर्षांपूर्वी रेणुका पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिली आणि घरी आली. आली ती बोलेनाशी झाली. दिवसाला एक पोळी, तीही अर्धी उरायची. झोप नाही. तीन आठवड्यांत वजन साडेपाच किलो उतरलं. आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. परत येताना ती गाडीत एवढंच म्हणाली, “बाबा, हे घराबाहेर जाऊ देऊ नका.” मी नाही जाणार म्हणालो. सहाव्या आठवड्यात ती थोडी हसायला लागली, आणि त्या आनंदात मीच ते घराबाहेर नेलं.

अण्णा आणि मी रोज सकाळी क्रीडा संकुलाच्या मैदानावर पाच फेऱ्या मारायचो. त्या दिवशी त्यांनी विचारलं की पंधरा-वीस दिवसांपासून तुमची चाल बदललीय, घरात काय झालंय. मी सांगितलं. माणूसच आकड्यांचा, त्यामुळे आकड्यांत सांगितलं: किती आठवडे झाले, दिवसाला किती गोळ्या, वजन किती गेलं आणि किती परत आलं. अण्णा चालता चालता थांबले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “लेकरू हाय ते. व्हईल बरं. हे माझ्यापाशी ऱ्हायलं, काळेसाहेब.” अकरा आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, तेही घराबाहेर पहिल्यांदा मी त्यांनाच सांगितलं.

त्याच महिन्यात, अशाच एका फेरीत, अण्णांनीही त्यांच्या घरातलं एक मला सांगितलं. अमोलचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलाचं. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला दोनदा विचारावं लागलं. या एका बाबतीत ते ‘आपल्यातच ठेवा’ म्हणाले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं. ते काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. मी ते कोणालाच सांगितलेलं नाही, मंगललाही नाही.

दोन वर्षांनी रेणुकाला पैठणचं एक स्थळ आलं. तोवर ती इथल्याच एका कंपनीत नोकरीला लागली होती, छान चाललं होतं. मुलगा अभियंता, घर शेतीवाडीचं. दोघं तीनदा बाहेर भेटले, एकमेकांना पसंत पडले. याद्या करायला रविवार ठरला. रेणुकानं मला आणि मंगलला समोर बसवून सांगितलं, याद्यांच्या आधी, शनिवारी, ती मुलाला भेटणार आहे आणि त्या अकरा आठवड्यांचं स्वतः सांगणार आहे. कसं सांगायचं ते तिनं ठरवलं होतं. आमची कोणाचीच मदत तिला नको होती. मला तिचा अभिमान वाटला.

शुक्रवारी सकाळी मुलाच्या आईचा फोन आला. पत्रिकेत अडचण निघाली म्हणाल्या. पत्रिका आम्ही बघतच नाही, असं त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. मी तसं म्हटल्यावर त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “अकरा आठवडे काही थोडे नसतात हो, काळेसाहेब.”

अकरा हा आकडा आमच्या घरातल्या तिघांना, डॉक्टरांना आणि अण्णांना माहीत होता. मला शोध घ्यावा लागला नाही.

मी खाली गेलो. अण्णांनी एका क्षणाचीही टाळाटाळ केली नाही. म्हणाले, हो, परवा फोन आला होता. आत गेले, वही घेऊन आले, चष्मा लावला आणि मला वाचून दाखवलं. पैठण. सकाळी दहा वीस. विचारलं: मुलीची तब्येत. सांगितलं: आता उत्तम, पूर्वी मनाचं औषध अकरा आठवडे, नंतर बंद, मुलगी गुणी, घर सज्जन. एवढं वाचून त्यांनी वर बघितलं.

“अकराच ना?”

मी म्हणालो की आकडा बरोबर आहे.

“मग मी खोटं काय बोललो? उद्या लग्न झाल्यावर कळलं असतं म्हंजी? आन् गुणी म्हणूनबी सांगितलं, हे बघा, लिव्हलंय.”

ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं आणि त्याला टाळी दिलेली होती. ती गोष्ट खरी होती की खोटी हा प्रश्नच नव्हता. ती त्यांची नव्हती, हा प्रश्न होता. पण हे मला घरी परतल्यावर सुचलं. त्यांच्या दारात उभा असताना मी फक्त वहीतल्या त्या ओळीकडे बघत राहिलो. अक्षर सुरेख होतं.

रेणुका संध्याकाळी कामावरून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. मला तिनं दोनच प्रश्न विचारले.

“अण्णांना कोणी सांगितलं?”

“मी.”

“मी सांगू नका म्हटल्यावर किती दिवस थांबलात?”

मी मोजलं. मला मोजता येतं, हेच वाईट झालं. “चाळीस,” मी म्हणालो.

ती ‘बरं’ म्हणून आत गेली. चार महिन्यांनी तिनं हैदराबादला नोकरी घेतली. तेव्हापासून ती आईला फोन करते आणि मंगल तो आतल्या खोलीत जाऊन घेते. मग फोन माझ्याकडे येतो. हैदराबादचं ऊन, इथलं पाणी किती दिवसांआड येतं, माझं ब्लडप्रेशर. चार मिनिटांच्या पुढं आमचं बोलणं जात नाही. स्थळाचा विषय ती काढू देत नाही. मी तिचा बाप आहे आणि तिच्या मनात काय चाललंय हे मला मंगलला विचारावं लागतं. मंगल सांगत नाही. बरोबर करते.

या सगळ्यात माझी चूक पहिली होती, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण स्वतःवर सूड उगवता येत नाही. अण्णा खाली राहत होते.

मी त्यांच्याशी भांडलो नाही. फेऱ्या बंद केल्या, गुडघ्याचं कारण सांगितलं. जिन्यात भेटले की नमस्कार चालू ठेवला. दिवाळीला मंगलनं फराळाचं ताट खाली पाठवणं बंद केलं तर मीच तिला पाठवायला लावलं. मंगल म्हणाली, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. अण्णांना वाटलं, मी विसरलो. कारखान्यात एखादा भाग शतांशानं कमी भरला तर मी तो बाजूला काढून ठेवतो, फेकत नाही. त्याची वेळ आली की तो पुढं करायचा असतो.

ती वेळ गेल्या वर्षी आली. अमोलसाठी बीडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. एका सकाळी अण्णा वर आले, हातात आवारातल्या पेरूंची पिशवी. बसले. म्हणाले, मुलीकडचे चौकशी करणार आहेत आणि मी तुमचा नंबर दिलाय. बाकी कोणाचा दिला तर लोक म्हणतील ठरवून दिला, पण तुमच्या शब्दाला वजन आहे. मग पिशवी टेबलावर ठेवून, आवाज खाली नेऊन म्हणाले, “ते तेवढं, मैदानावरचं…”

“ती गोष्ट माझ्या तोंडून जाणार नाही, अण्णा,” मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले. रेणुकाच्या बाबतीत इतकं होऊन त्यांनी माझा नंबर का दिला, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, आपण काही चुकीचं केलं असं त्यांना खरोखरच कधी वाटलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, गोष्ट पोटात ठेवणारा माणूस इतक्या वर्षांत त्यांना एकच सापडला होता.

दोन दिवसांनी फोन आला. मुलीचे वडील बोलत होते, भला माणूस वाटला. त्यांनी विचारलं की शेळक्यांचा मुलगा कसा आहे, तुम्ही वरच राहता, तुम्हाला सगळं माहीत असणार.

“शेळक्यांच्या घराबद्दल मी काही बोलणार नाही,” मी म्हणालो.

“म्हंजी? काही हाय का?”

“आहे का नाही, तेही सांगणार नाही. लोकांच्या घरातलं मी बाहेर बोलत नाही.”

पलीकडे शांतता झाली. मी मनात मोजत होतो. सात सेकंद.

“आलं ध्यानात, साहेब,” ते म्हणाले. “लई उपकार झाले.”

“मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही.”

“न्हाई न्हाई. तुम्ही कुठं काय सांगितलं?”

चौकशीत शेजाऱ्यानं मुलगा पितो असं सांगितलं तर लोक विचार करतात. किती पितो, सुटेल का, बाकी घर कसं आहे, असं बघतात. शेजारी बोलायलाच तयार नसेल तर विचार करायला काही उरत नाही. आमच्याकडं हे पोरासोरांनाही कळतं. मला फोन उचलायच्या आधीपासून कळत होतं. मुलगा चांगला आहे, एवढं म्हणायला दोन सेकंद लागले असते आणि ते खरंही होतं. ते मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा वर आले. आत आले नाहीत. जिन्यातूनच विचारलं, “काय सांगितलंत?”

“काही नाही.”

“काळेसाहेब, मला खोटं चालत न्हाई.”

मी फोन काढून त्यांना दाखवला. एक मिनिट बावन्न सेकंद. मी म्हणालो, ती गोष्ट एवढ्या वेळात सांगून होते का, तुम्हीच सांगा, मला सांगायला तुम्हाला दीड फेरी लागली होती. आमचं बोलणं मी त्यांना शब्द न शब्द ऐकवलं. चौकशीची भाषा त्यांच्याइतकी कोणाला येत होती? माझं पहिलं वाक्य पुरं होताच त्यांनी कठडा धरला आणि ते पायरीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना जिन्यात बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिथूनच म्हणाले, “सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी गेलो असतो बीडला. समजावून सांगितलं असतं, पोराला उभं केलं असतं म्होरं. काहीच सांगितलं न्हाई, त्याला मी काय उत्तर देऊ?”

“रेणुका शनिवारी स्वतः सांगणार होती, अण्णा,” मी म्हणालो. “तुमच्याकडे फोन आला तो बुधवारी.”

त्यांना हे माहीत नव्हतं. चार वर्षं मी ते त्यांना सांगितलं नव्हतं, या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. मी दार लावून घेतलं. मला बरं वाटलं. किती बरं, ते मोजायचं माप माझ्याकडे नाही, पण त्या दिवशी मी दोन वेळा पोटभर जेवलो.

पुढचं मी केलं नाही, ते आपोआप झालं. शेजारीसुद्धा बोलायला तयार नाहीत, ही बातमी बीडहून निघाली आणि फिरत फिरत आमच्याच पार्किंगमध्ये परत आली. अमोलचं आधी एक लग्न झालंय. अमोलवर केस आहे. अमोलला असा काही आजार आहे जो सांगता येत नाही. रफिकभाईंनी मला थेट विचारलं, “काळेसाब, क्या है वो लडके का? बोलो तो सई.” मी म्हणालो, मी काही बोलणार नाही. ते परत गाडी पुसायला लागले. पुढची दोन स्थळं चौकशीतच गेली. खरी गोष्ट या सगळ्या अफवांपेक्षा लहान होती, खूप लहान. ती सांगितली असती तर अफवा बंद पडल्या असत्या. पण मी शब्द दिला होता.

अण्णांचे फोन त्यानंतर कमी झाले. ज्या घराचीच चौकशी नीट येत नाही, त्या घराला दुसऱ्याची कोण विचारणार? गॅलरीत ते तसेच उभे असायचे, फोन तोंडासमोर, पण स्पीकरवर बहुतेक वेळा बँकेची नाहीतर कुठल्या जाहिरातीची बाई बोलत असायची. तिलाही ते गाव विचारायचे.

रेणुकाला हे मंगलकडून कळलं. तिनं त्या दिवशी फोन थेट मला केला.

“बाबा, तुम्ही अमोलदादाचं काही सांगितलंत?”

“एक शब्द नाही.”

“तेच म्हणतेय,” ती म्हणाली. “एक तरी सांगायचा होता. चांगला आहे तो. मी घरी पडून होते तेव्हा लायब्ररीतून पुस्तकं आणून दाराशी ठेवून जायचा. का आणतो, कोणासाठी, कधी विचारलं नाही त्यानं.”

हे मला माहीत नव्हतं. मी तिला ते सांगितलं नाही. ‘ठीक आहे’ म्हणालो. तिनं ऊन-पाण्याचं काही न बोलता फोन ठेवला. पाच मिनिटं दहा सेकंद झाली होती, चार वर्षांतलं सगळ्यात लांब बोलणं.

यंदा उन्हाळ्यात शेळक्यांनी फ्लॅट विकला. अमोलला पुण्यात नोकरी होती, सगळे तिकडेच जाणार होते. टेम्पो सकाळी आठला आला. सात घरांतले लोक खाली उतरले होते, बायका शेळकेकाकूंच्या गळ्यात पडत होत्या. मी उतरलो नाही. मंगल गेली.

साडेनऊच्या सुमारास बेल वाजली. अण्णा होते. वर्षभरात बरेच खंगलेले, शर्ट अंगावर सैल झालेला. त्यांनी मागं वळून जिन्यात कोणी नाही ना ते बघितलं. पूर्वी ते असं कधी बघायचे नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काळेसाहेब, जायच्या आदी एक सांगायचं व्हतं. तुमच्यापुरतं.”

“माझ्याकडे काही ठेवू नका, अण्णा,” मी म्हणालो. “आधीचं एक आहे.”

आणि दार लावलं. जोरात नाही, हळू लावलं.

मग दाराच्या भिंगाला डोळा लावला. अण्णा गेले नव्हते. उजवा हात चौकटीवर टेकवून दाराच्या अगदी जवळ उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. जे सांगायचं होतं ते ते दाराला सांगत होते. मध्ये एकदा थांबले, डोळे पुसले, परत बोलायला लागले. आमचं दार सागवानी आहे, पस्तीस मिलिमीटर जाडीचं, मीच मोजून घेतलेलं. आत काही ऐकू आलं नाही.

कडीवर माझा हात होता. मी ती काढली नाही. त्यांचं बोलून झालं तेव्हा ते सावकाश वळले आणि कठड्याला धरून खाली उतरले.